पोचल्याची नोंद

झुनिल्दाची आणि माझी ओळख टाके ओले असतानाची. प्रसूतीच्या वॉर्डात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. मधे एक लोखंडी कपाट, त्याच्या डोक्यावर माझी चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या पावांची पिशवी आणि तिचा तेरेरेचा, म्हणजे पाला घातलेल्या बर्फगार पाण्याचा थर्मास. बाळंतिणीने बर्फाचं पिऊ नये म्हणून परिचारिका तो थर्मास उचलून न्यायच्या आणि झुनिल्दा तो परत आणायची.

"आईचं दूध थंड होतं म्हणे," ती डोळे मिचकावून म्हणायची. "होऊ दे. माझी पोर आइस्क्रीम पिईल."

तिची मुलगी झुंजूमुंजू होताना जन्मली, म्हणून तिचं नाव को’एं. ग्वारानीत, म्हणजे आमच्याकडे घरोघरी बोलतात त्या भाषेत, को’एं म्हणजे पहाट. माझा मुलगा त्याच दिवशी भर दुपारी आला, आणि आमचं नावावरून भांडण चाललेलं, त्यामुळे तो बिननावाचाच पडून होता. नवऱ्याला त्याच्या आजोबांचं नाव हवं होतं. मला ते आजोबा आठवत होते, म्हणून नको होतं.

बाळांच्या टाचेतून रक्त घ्यायला परिचारिका आली तेव्हा तिच्या हातात दोन जाड कार्डं होती. माझ्या मुलाने एका टोचणीला अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. को’एं जराशी कण्हली आणि पुन्हा झोपून गेली.

"गुणी गं बाई," परिचारिका म्हणाली. आम्हाला तिघींनाही तेव्हा ते खरंच वाटलं.

"नाव काय लिहू?" तिने मला विचारलं.

"अजून ठरलं नाही हो."

"मग 'नोएलिया कान्तेरोचं बाळ' लिहिते. सगळ्याजणी तसंच लिहून घेतात. नावं काय, सावकाश ठेवता येतात." ती झुनिल्दाकडे वळली. "तुमचंही तसंच?"

"नाही. माझ्या मुलीला नाव आहे. को’एं."

परिचारिकेने लिहिलं. झुनिल्दाने मान उंच करून बघितलं. "बाई, मधला पुसो राहिला."

पुसो म्हणजे ग्वारानीतला आवाजाचा खंड. बोलता बोलता घसा क्षणभर मिटतो आणि पुन्हा उघडतो, तेवढाच. लिहिताना त्याची एक छोटीशी उभी खूण, दोन अक्षरांच्या मधे वरच्या अंगाला टांगलेली. घाईत लोक ती सर्रास गाळतात. झुनिल्दा आरेग्वा गावच्या शाळेत ग्वारानी शिकवते, ती कशी गाळू देईल?

"पुसो नसेल तर ते नुसतं 'कोएं' होतं," ती म्हणाली. "माझी मुलगी कोएं नाही."

"मास्तरीणबाई, शाळेत ह्याच खुणेपायी माझे मार्क जायचे," परिचारिका हसली, आणि तिने पेनाने नीट, ठळक पुसो काढला. अगदी सावकाश. मला अजून तो हात दिसतो.

तेवढ्यात झुनिल्दाची सासू, दोन्या पेत्रोना, भेटायला आली होती. तिने ते सगळं दाराशी उभं राहून ऐकलं. "संतांची नावं संपली का गं?" ती म्हणाली. "लुर्देस ठेव, रोसा ठेव. कचेरीत टेबलामागच्या माणसांना कळेल असं काहीतरी ठेव."

"आई, तुम्हीच तर घरात ग्वारानीतून बोलता."

"घरात. घरात कोण कुणाचं काय अडवतंय?"

तिने नातीला त्या नावाने कधीच हाक मारली नाही. तिच्यासाठी ती 'नेना' होती. नेना म्हणजे नुसतीच पोर.

*

मी निरोपांच्या कंपनीत काम करते. लोकांना वाटतं, टपालासारखं काहीतरी असेल. तसंच आहे म्हणा, फक्त कागद नाही. एका कचेरीतला संगणक दुसरीतल्या संगणकाला काही सांगू बघतो, आणि तो दुसरा त्या वेळी कामात असतो, बंद असतो, किंवा दूर कुठेतरी वीज गेलेली असते. म्हणून पहिला आपला निरोप आमच्याकडे ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. आम्ही निरोप रांगेत लावतो, पाळी आली की पोचवतो. प्रत्येक निरोपाला जन्मतःच एक क्रमांक मिळतो आणि तो जिथून जिथून जाईल तिथली नोंद त्या क्रमांकाखाली उमटत जाते: इथे आला, इथून निघाला, तिथे पोचला. माझं काम त्या नोंदींचं. कुणी म्हणालं, आमचा निरोप कुठे हरवला, की मी मागोवा घेते.

आणि जे निरोप पोचवताच येत नाहीत, पुन्हा पुन्हा देऊन परत येतात, ते एका वेगळ्या रांगेत जाऊन पडतात. पुस्तकात तिला मेलेल्या निरोपांची रांग म्हणतात. आमच्या कचेरीत तिचं नाव पुर्गातोरिओ. पाद्री सांगतात ना, की जे आत्मे स्वर्गात घेत नाहीत आणि नरकातही ढकलत नाहीत ते तिथे वाट बघत राहतात. कुणीतरी त्यांच्यासाठी प्रार्थना करेपर्यंत. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे कुणीतरी ती रांग उघडून बघायची.

बाळंतपणाच्या रजेत मला ह्यातलं काही आठवतसुद्धा नव्हतं. माझ्या मुलाचं नाव अखेर एलियास ठरलं. तो रात्र रात्र रडायचा. त्याच्या टाचेच्या रक्ताचा निकाल फोनवर आला, सगळं ठीक, आणि मी तो एका हाताने वाचून पुसूनही टाकला, कारण दुसऱ्या हातात तो किंचाळत होता.

झुनिल्दाशी रोज बोलणं व्हायचं. शेजारच्या खाटेवरची बाई बहिणीपेक्षा जवळची होते.

"काय गं, झोपते कशी तुझी?" मी विचारायची.

"झोपते म्हणजे? दुधालाही मीच उठवते. रडत म्हणून नाही. परवा शेजारीण म्हणाली, ही बाहुली आहे का?"

"नशीबवान आहेस. अदलाबदल करतेस?"

"तुझा तो भोंगा तुलाच ठेव!"

असं आम्ही हसायचो. को’एंचा आवाज जरा घोगरा होता, जीभ जरा बाहेर यायची, पोट साफ होत नव्हतं. दोन्या पेत्रोना कसला कसला पाला उकळून चमच्याने द्यायची. सगळे म्हणायचे, शांत पोर आहे, आईवर गेली नाही.

एलियास बसायला लागला. को’एं मान सावरत नव्हती. झुनिल्दा तिला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. मग कळलं ते एवढंच, की बाळाच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जन्मापासून नीट काम करत नव्हती. रोज एक बारीकशी गोळी, दुधाच्या चमच्यात चुरगळून. बस. पहिल्या दिवसांत सुरू झाली असती तर मूल इतर मुलांसारखं वाढलं असतं. आता गोळी सुरू झाली, ती यापुढचं सांभाळेल. मागचं जे गेलं, ते किती परत येईल हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

"पण टाचेचं रक्त घेतलं होतं ना?" मी विचारलं. "त्यात हे दिसतंच."

"दिसलं होतं." ती म्हणाली. "रुग्णालय म्हणतं, आम्ही लगेच तातडीचा निरोप पाठवला. तुमच्या फोनवर आणि गावच्या दवाखान्यात. आमच्याकडे नोंद आहे, निरोप गेला. तुम्हीच बाळाला घेऊन आला नाहीत."

*

त्यानंतर झुनिल्दा हसली नाही. तिच्या घरात जे झालं ते ती तुकड्यातुकड्याने सांगायची.

गावच्या दवाखान्यातली बाई म्हणाली, आमच्याकडे काही आलं नाही. पण तिचं कोण ऐकतो? तिच्याकडे कागद दाखवायला नव्हता, आणि रुग्णालयाकडे होता. नवरा अर्सेनिओ काही बोलला नाही, फक्त झुनिल्दाचा जुना फोन घेऊन त्यातले सगळे निरोप वर-खाली करत बसला. एकदा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. दोन्या पेत्रोना मात्र बोलली. म्हणाली, हिचा अंगठा सारखा त्या फोनवर, आलं की पूस, आलं की पूस. पोरीचं नशीबच पुसून टाकलं.

"आणि नोएलिया, खरं सांगू?" झुनिल्दा एकदा म्हणाली. "मला आठवत नाही. ते पहिले दिवस मला धड आठवतच नाहीत. जाहिराती यायच्या, शाळेतले निरोप यायचे, अभिनंदनं यायची. मी पुसत होते. मधे तो असेल तर? मी अर्धवट झोपेत वाचून पुसला असेल तर?"

"असं कसं पुसशील तू?"

"तू नाही पुसलास?"

मी पुसला होता.

"तू ह्याच कामात आहेस ना?" ती म्हणाली. "मला दुसरं काही नको. नुकसानभरपाई नको, माफी नको. एवढंच बघून सांग, तो माझ्यापर्यंत आला होता का. आला असेल तरी सांग. मला रोज सकाळी तिच्या तोंडाकडे बघायचं असतं गं."

त्या रुग्णालयाचे निरोप आमच्याच रांगांमधून जातात. झुनिल्दाला हे माहीत होतं, मीच वॉर्डात बढाई मारताना सांगितलं होतं. कामावर परत येऊन मला काहीच दिवस झाले होते. अजून अर्धीच वेळ. दुपारी घरी जाऊन एलियासला पाजायचं. मी आमच्या इंजिनियर सेल्वा बाईंना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाळाच्या आईने विचारलंय, तर उत्तर द्यायलाच हवं. शोध."

मी शोधखिडकीत नाव घातलं. को’एं ओहेदा. यंत्र म्हणालं, असं कुणी नाही.

मी अक्षरं तपासून पुन्हा घातलं. असं कुणी नाही. मला वाटलं, म्हणजे रुग्णालय खोटं बोललं, निरोप निघालाच नाही. हलकं वाटलं मला. मग सवयीने आईच्या ओळखपत्राचा क्रमांक घालून बघितला, आणि तो निरोप समोर आला.

तो निघाला होता. रक्त तपासलं त्याच दिवशी प्रयोगशाळेने तो आमच्याकडे ठेवला होता आणि आपल्या वहीत लिहिलं होतं: गेला. त्यांच्या बाजूने ते खरंच होतं. त्यांच्या हातून तो गेला होता. खाली आमच्या नोंदी. आला. पुढे दिला. परत आला. पुढे दिला. परत आला. आणि शेवटी एक ओळ, की हा पुर्गातोरिओत ठेवला. त्यानंतर काही नाही. आठ महिने कोरे.

तो तिथेच होता. मी ती रांग उघडली, तर जाहिरातींच्या आणि चाचणीच्या कचऱ्याखाली, कपाळावर 'तातडीचा' असं लिहिलेलं घेऊन तो पडलेला होता. काल ठेवल्यासारखा.

का परत आला, तेही कळलं, आणि कळल्यावर मी खुर्ची मागे सारून उठले. आमच्या यंत्रांमध्ये नाव लिहिताना ते दोन उभ्या खुणांच्या मधे ठेवतात: एक सुरुवातीची, एक शेवटची. पुसो दिसायला तशीच खूण. वाचणाऱ्या यंत्राने 'को' वाचलं, पुढे पुसो आला आणि त्याला वाटलं, नाव इथे संपलं. मग उरलेली पहाट त्याला कचरा वाटली. निरोप बिघडलेला आहे म्हणून त्याने तो परत केला. शोधखिडकीही त्याच कारणाने मला नाही म्हणाली होती.

माझ्या मुलाचा निरोप 'नोएलिया कान्तेरोचं बाळ' म्हणून सुखरूप पोचला. आम्ही भांडत बसलो होतो, म्हणून.

शेजारच्या टेबलावरचा देर्लिस माझ्या अवतारामुळे उठून आला. मी रजेवर असताना माझ्या रांगा तोच बघत होता. त्याने पडद्यावर वाचलं.

"ह्या रांगेत काही पडलं की घंटा वाजते ना?" मी विचारलं.

"वाजायची." त्याने कपाळ चोळलं. "दिवसभर वाजायची, गं. चाचणीचा निरोप, वाज. जाहिरात, वाज. कुणाला कामच करता येईना. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की घंटा बंद करायची आणि आठवड्याला एकदा कुणीतरी बघायचं."

"कोण?"

"कुणीतरी," तो म्हणाला. मग खाली बसला. त्याच्या दोन मुली आहेत. "असे आणखी असतील का?"

आम्ही दोघांनी मिळून रांग उपसली. पुसो असलेली आणखी नावं निघाली. एक आरा’ई, एक का’आगी. त्यांचे निकाल साधे होते, ठीक असल्याचे. ते न पोचून कुणाचं काही गेलं नव्हतं. तातडीचा एकच होता.

सेल्वा बाईंनी सगळं बघितलं आणि दार लावून घेतलं. "रुग्णालयाला मी आजच लेखी कळवते, की चूक आपल्याकडे झाली," त्या म्हणाल्या. "तिलाही सांग, निरोप इथे अडकला, तुझ्यापर्यंत आलाच नाही. पण का अडकला ते कशाला सांगतेस? यंत्र बिघडलं म्हण. ते काही खोटं नाही. तू स्वतः आई आहेस, नोएलिया. मुलीच्या नावामुळे, हे ऐकून ती काय करेल?"

मला ते पटलं. खरोखर पटलं. घरी जाताना बसमध्ये मी तेच वाक्य घोकत होते: यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलं होतं, झुनिल्दा.

*

शनिवारी मी एलियासला घेऊन आरेग्वाला गेले. तळ्याकडून वारा येत होता. झुनिल्दा ओसरीवर चटईवर बसली होती आणि समोर को’एं उशांच्या आधाराने बसवलेली. किती गोरी, गुबगुबीत, आणि किती स्थिर. मी एलियासला खाली ठेवलं तसा तो सरपटत जाऊन तिच्या पायाचा अंगठा ओढू लागला. तिने बघितलं नाही.

दोन्या पेत्रोना कोपऱ्यात लाकडी खलात तेरेरेचा पाला कुटत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? पोरगं अंगाने भरलंय हो. दृष्ट काढत जा." आणि पुन्हा कुटायला लागली, पण आवाज बेताचा, म्हणजे आमचं ऐकू येईल.

"डॉक्टर म्हणतात, हिच्याशी सारखं बोलायचं," झुनिल्दा म्हणाली. "नावाने हाक मारायची. आणि मग थांबायचं. घाई नाही करायची. तिला आत पोचायला वेळ लागतो." तिने माझ्याकडे बघितलं. "सापडला?"

"सापडला."

मुसळ थांबलं.

"तुझ्यापर्यंत आलाच नव्हता," मी म्हणाले. "तुझ्या फोनवर नाही, दवाखान्यातही नाही. तू काही पुसलं नाहीस, झुनिल्दा. तो आमच्याकडे अडकला होता. अजून तिथेच आहे."

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. रडली नाही. हातांच्या आतून नुसता श्वास येत-जात होता, खूप पळून आलेल्या माणसासारखा. दोन्या पेत्रोना खलात बघत होती.

"पण ते म्हणाले, गेला," झुनिल्दा म्हणाली.

"त्यांच्याकडून गेला. गेला म्हणजे पोचला नव्हे."

"का अडकला?"

"यंत्र बिघडलं," मी म्हणाले. घोकलेलं होतं ना.

ती मास्तरीण आहे. पाठ केलेलं उत्तर तिला लगेच ओळखू येतं. "मग एलियासचा कसा आला?" तिने विचारलं. "त्याच दिवशी, त्याच बाईने, एकाच डब्यात नेली होती दोन्ही कार्डं."

मी दोन्या पेत्रोनाकडे बघितलं. आता म्हातारीच्या हातात मी काय देणार होते, ते मला कळत होतं. पण झुनिल्दा वाट बघत होती, आणि तिला आजवर सगळ्यांनी अर्धंच सांगितलं होतं.

"यंत्राला नाव वाचता आलं नाही," मी म्हणाले.

"कुठलं अक्षर?"

"पुसो. त्याला वाटलं, तिथे नाव संपलं."

एलियास अंगठा सोडून उशीचं टोक चावायला लागला होता. मी डोळे मिटून वाट बघत होते, की आता म्हातारी म्हणणार: मी सांगितलं नव्हतं? वॉर्डातच सांगितलं होतं ना?

ती म्हणाली नाही. तिने मुसळ खलात आडवं ठेवलं. "मी सात वर्षांची होते," ती कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली. "वर्गात पाणी मागितलं, ग्वारानीतून. बाईंनी मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले, घंटा होईपर्यंत. म्हणून मी म्हणत होते, लुर्देस ठेवा. मला काय नाव आवडलं नव्हतं होय?" तिने हातावरचा पाला झटकला. "मला वाटलं होतं, आता तसं राहिलं नसेल. मनातून वाटलं होतं. देवा, मी खोटी पडायला हवी होते."

झुनिल्दा उठून तिच्याजवळ गेली नाही. तेवढं दोघींच्यात उरलं नव्हतं. पण ती म्हणाली, "आई, पाणी देऊ?" आणि ते ग्वारानीतून म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. "अर्सेनिओला मी सांगते," ती म्हणाली. "तुझं त्याला खरं वाटायचं नाही. माझा मुलगा आहे, मी सांगते. फोनबद्दल जे बोलले, ते पण मीच बोलले होते."

मग झुनिल्दा माझ्यासमोर येऊन बसली. "तो निरोप वाचून दाखव."

"आणला नाही मी. आणता येत नाही."

"पाठ असेल तुला."

होता. मी तो सांगितला. को’एं ओहेदा हिच्या रक्ताचा निकाल मर्यादेपेक्षा खूप जास्त आहे. बाळाला ताबडतोब घेऊन यावं. उशीर करू नये. औषध सुरू केल्यास बाळ पूर्ण बरं राहील.

शेवटचं वाक्य मला गाळायचं होतं. गाळता आलं नाही.

झुनिल्दा ओठ हलवत ऐकत होती, शाळेत पोरं कविता म्हणताना ती हलवत असेल तशी. मग ती म्हणाली, "पोचला." आणि पुन्हा एकदा, हळू, "तुमच्याकडे लिही. पोचला."

"लिहिते."

"आणि नाव बदलायचं नाही. रुग्णालयातून कुणीतरी फोन केला होता काल, की पुढच्या कागदांवर नुसतं कोएं लिहू का, सोयीचं पडेल. तुमच्या त्या यंत्राला सांग, पहाट अशी अर्धी होत नाही."

"सांगितलंय," मी म्हणाले. ते खरं होतं. देर्लिसने आणि मी ते शुक्रवारीच दुरुस्त केलं होतं. एका दुपारचं काम. एवढंच होतं ते, एका दुपारचं. आणि घंटाही पुन्हा चालू होती.

दोन्या पेत्रोना चटईपाशी आली. गुडघे धरत धरत बसली आणि नातीच्या पाठीमागून, कधी नव्हे ती, नावाने हाक मारली.

"को’एं."

इतका स्वच्छ पुसो मी झुनिल्दाच्या तोंडूनही ऐकला नव्हता. दात नसलेल्या त्या तोंडात घसा क्षणभर मिटला आणि उघडला.

एलियासने चटकन मान वळवली आणि म्हातारीकडे बघून हसला. नाव त्याचं नव्हतं. पण हाक होती, आणि तो हाकेला वळणारा मुलगा आहे. झुनिल्दा त्याच्याकडे बघत होती. मी त्याला उचलून छातीशी घेतलं, त्याचा चेहरा माझ्या खांद्यात लपवला.

"पुन्हा म्हणू का?" दोन्या पेत्रोनाने विचारलं.

"नको, आई," झुनिल्दा म्हणाली. "एकदाच म्हणायचं. आता थांबायचं."

को’एं समोर खलाकडे बघत होती. आम्ही तिघी थांबलो.